जखमी आधी गेटवर येतात

हायवेवर मोठा अपघात झाला की ॲम्ब्युलन्सच्या आधी पिकअप येते. नाहीतर ट्रॅक्टर, नाहीतर कोणाची तरी क्रूझर. रस्त्यावरची माणसं थांबतात, हाताला लागेल त्याला उचलतात आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात आणून उतरवतात. त्यातही आधी येतात ते चालणारे-बोलणारे, ज्यांना गाडीत घालणं सोपं. कोणाच्या कपाळाला खोक, कोणाचा हात खरचटलेला, सगळेच भेदरलेले. बघता बघता कॅज्युअल्टीतले सगळे टेबल भरतात. ज्याच्या पोटात रक्तस्राव चालू आहे, जो गाडीखाली अडकून पडला होता, तो मागून येतो. तोपर्यंत त्याला ठेवायला जागा उरलेली नसते.

मी धुळे जिल्ह्यात मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या एका ग्रामीण रुग्णालयात परिसेविका आहे. ३० खाटा, रात्रपाळीला एक डॉक्टर, दोन सिस्टर, एक कक्षसेवक आणि गेटवर आप्पा. आपत्तीच्या वेळी धावून जाणारी वैद्यकीय पथकं खान्देशात तयार करायची आहेत, नावं पाठवा, असं पत्र आलं तेव्हा वैद्यकीय अधीक्षक सरांनी माझं नाव घातलं. धुळ्याच्या त्या प्रशिक्षणात आणि त्यानंतर आमच्या रुग्णालयात काय काय झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्यासारखी रुग्णालयं तिन्ही जिल्ह्यांत आहेत आणि मोठ्या दुर्घटनेचा पहिला लोंढा त्यांच्याच दारात येतो.

जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतले लोक होते. उपजिल्हा रुग्णालयांतले डॉक्टर, सिस्टर, १०८ ॲम्ब्युलन्सचे डॉक्टर आणि पायलट, म्हणजे चालक. धुळ्यातच राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, त्यामुळे शिकवणाऱ्यांत तिथले जवानही होते. पहिल्या सकाळी शिकवणाऱ्या सरांनी खान्देशचा मोठा नकाशा सतरंजीवर पसरला आणि म्हणाले, तुमच्या भागात काय घडून गेलंय ते इथे खडूने मांडा.

चाळीसगावच्या डॉक्टरांनी तितूर आणि डोंगरी नद्यांवर खूण केली. ३१ ऑगस्ट २०२१ ला पाणी गावात शिरलं, आणि त्याच वेळी कन्नड घाटात दरड कोसळून संभाजीनगरकडचा रस्ता बंद झाला. म्हणजे पेशंट त्या बाजूला पाठवायची सोयच उरली नाही. पाचोऱ्याच्या सिस्टरांनी परधाडे दाखवलं. २२ जानेवारी २०२५ ला पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, माणसं रुळांवर उतरली आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडली. मी शिरपूर तालुक्यात दोन खुणा केल्या. एक वाघाडीची, ३१ ऑगस्ट २०१९ ला रसायनाच्या कारखान्यात स्फोट झाला तिथली. दुसरी पळासनेरची, जुलै २०२३ मध्ये भरधाव कंटेनर गाड्यांना उडवत थेट हॉटेलात घुसला तिथली. भुसावळकरांनी तर खडू ठेवलाच नाही. रेल्वे जंक्शन, दीपनगरचं वीज केंद्र, आयुध निर्माणी, हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्यावर तापीचं येणारं पाणी, आणि मे महिन्यातलं ऊन. उष्माघाताचे पेशंट एकाच दुपारी ओळीने आले तर तीही आपत्तीच, असं ते म्हणाले. ते मला पूर्ण पटलं. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेला, बरळणारा माणूस आला की कागदपत्रांच्या आधी त्याला गार करावं लागतं, आणि त्यासाठी लागणारं पाणी, बर्फ, पंखे मार्चमध्येच जमवून ठेवावे लागतात.

धडगावच्या सिस्टर मात्र बराच वेळ गप्प होत्या. मग उठून त्यांनी नर्मदेच्या काठाने बोट फिरवलं. २०१९ च्या संक्रांतीला तिथे बोट उलटून माणसं बुडाली होती. त्या म्हणाल्या, "सर, जखम झाल्यावरच्या ज्या पहिल्या तासाबद्दल तुम्ही शिकवाल, त्या तासात आमच्याकडे पेशंट झोळीत असतो. डोंगर उतरून रस्त्याला लागेपर्यंतच तो तास संपतो." त्यावर सरांनी लगेच उत्तर दिलं नाही. दुपारी त्यांनी दोन बांबू आणि घोंगडी मागवली आणि मोडलेला पाय फळीला बांधून, मान न हलवता माणूस झोळीत कसा न्यायचा याचा सराव सगळ्यांकडून करून घेतला. वेळापत्रकात हा विषय नव्हता. मला वाटतं त्या आठवड्यात घेतलेल्या सगळ्या निर्णयांत हा सर्वांत चांगला होता.

आता ट्रायएज. जखमी पन्नास आणि हात दहा असतील तर कोणाला आधी बघायचं, हे ठरवण्याची पद्धत. प्रत्येकाला रंगाची पट्टी बांधायची: लाल म्हणजे सर्वांत आधी, पिवळा म्हणजे थोडा थांबू शकेल असा, हिरवा म्हणजे किरकोळ, काळा म्हणजे वाचण्याची आशा नसलेला. प्रत्येकाच्या वाट्याला जास्तीत जास्त एक मिनिट. सुरुवातीलाच मोठ्याने ओरडायचं, ज्यांना चालता येतं त्यांनी इकडे या. जे उठून येतात ते हिरवे. उरलेल्यांत श्वास बघायचा. श्वास नसेल तर जबडा पुढे उचलून श्वासमार्ग मोकळा करायचा. आला तर लाल, नाही आला तर काळा. श्वास मिनिटाला ३० च्या वर असेल तर लाल. मनगटाची नाडी लागत नसेल, किंवा नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परतत नसेल तर लाल. साधी सूचना कळत नसेल, हात दाबा म्हटल्यावर दाबत नसेल, तरी लाल. या सगळ्यांत बसला नाही तो पिवळा. लहान मुलांचं थोडं वेगळं. श्वास नाही पण नाडी लागते, तर काळी पट्टी बांधण्याआधी पाच श्वास देऊन बघायचे, कारण मुलांचं हृदय बहुधा श्वास अडल्यामुळे थांबतं. या फेरीत उपचार दोनच, श्वासमार्ग मोकळा करणं आणि वाहणारं रक्त थांबवणं. रक्तासाठी टूर्निके, म्हणजे हातापायावर आवळून बांधायची पट्टी, बांधली तर तिची वेळ कपाळावर मार्करने लिहायची, म्हणजे पुढचा डॉक्टर शोधत बसत नाही.

वाचायला हे पाच मिनिटांचं काम आहे. हातात उतरायला फार जड जातं. सरावासाठी नर्सिंगच्या मुली जखमी झाल्या होत्या. गळ्यात कार्ड, त्यावर श्वास आणि नाडीचे आकडे, अंगावर लाल रंग. पोलीस मैदानाच्या एका टोकाला एक मुलगी निपचित पडलेली आणि दुसरी तिची आई झालेली. मी जबडा उचलला, कार्ड उलटवलं. मागे लिहिलं होतं, श्वास नाही. काळी पट्टी बांधून मी उठायला लागले तर त्या 'आई'ने माझ्या ॲप्रनचं टोक मुठीत धरलं. "सिस्टर, हिला टाकून कुठे चाललात? हात तरी लावा ना." तिला तसं सांगून ठेवलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी पाय हलेनात. सगळ्या नोकरीत या हातांनी एकच गोष्ट केली, श्वास थांबला की छाती दाबायला घेणं. इथे शिकायचं होतं ते त्या मुलीला तिथेच ठेवून पुढच्याकडे जाणं. पुढे तीन पावलांवर मांडीतून रक्त वाहणारा एक जण होता, आणि तो माझ्या एका दाबपट्टीने वाचणार होता.

मी तिची मूठ सोडवली आणि पुढे गेले. संध्याकाळी सगळे बसलो तेव्हा एक तरुण डॉक्टर स्पष्टच म्हणाले, हे मला जमणार नाही. त्यांना कोणी समजावत बसलं नाही. सरांनी एवढंच सांगितलं की काळी पट्टी म्हणजे बेवारस सोडणं नव्हे. त्या जागी एक माणूस बसवायचाच, आणि हात वाढले की त्या जखमींना पुन्हा तपासायचं. मला हे फार मोलाचं वाटलं. आमच्या रुग्णालयाची योजना करताना त्या जागी कोण बसणार, हे मी सर्वांत आधी लिहून काढलं.

नियंत्रण कक्षाला खबर कशी द्यायची, हा भाग लवकर उरकला. ठिकाण नेमकं कोणतं, झालंय काय, अजून कसला धोका आहे, कोणत्या रस्त्याने येता येईल, जखमी अंदाजे किती आणि कोण कोण पोचलंय, एवढंच आणि याच क्रमाने बोलायचं. १०८ च्या पायलटना हे आमच्यापेक्षा चांगलं येत होतं. टोलनाका, ढाबा, पूल, कोणत्या बाजूची लेन, हे त्यांच्या जिभेवरच असतं.

रसायनाच्या भागावर मात्र जास्त वेळ द्यायला हवा होता, असं मला अजून वाटतं. बर्फाचे कारखाने, दुधाची शीतकरण केंद्रं, इथे अमोनिया वापरतात आणि तो आपल्या गावाबाहेरच असतो. शिकलो ते असं. वारा पाठीवर घेऊनच जवळ जायचं, आणि दलाच्या जवानांनी हद्द आखून दिल्याशिवाय आपण आत पाऊल टाकायचं नाही. पेशंट बाहेर आला की आधी कपडे उतरवायचे. नुसत्या तेवढ्याने अंगावरचं बहुतेक रसायन निघून जातं. कोरडी पावडर असेल तर झाडून मग पाणी, नाहीतर थेट भरपूर पाणी. डोळे कमीत कमी १५ मिनिटं धुवायचे. आणि न धुतलेला पेशंट कॅज्युअल्टीत घ्यायचा नाही, नाहीतर डॉक्टर-सिस्टरच पेशंट होऊन बसतात.

सरावात हे सगळं पुरुषांवर झालं. मी उभी राहिले आणि विचारलं, बाई आली तर? आपल्याकडची बाई भर चौकात साडी सोडणार नाही, जीव गेला तरी नाही, आणि तिच्या घरचे कोणाला हात लावू देणार नाहीत. त्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही सिस्टरांनीच सराव घेतला. चार बांबू, त्यांना बांधलेल्या जुन्या चादरी, आत दोन बायका, पाण्याचा पाइप आणि बाहेर निघताना अंगावर घालायला गाऊन. गाऊन नसेल तर धुतलेली चादर. उतरवलेले कपडे पिशवीत बंद, आणि मंगळसूत्र, पाटल्या वेगळ्या पिशवीत, वर नाव. दागिन्याची पिशवी तिला डोळ्यांसमोर दिसत राहिली पाहिजे, तरच ती शांत उभी राहते. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. आम्हा बायकांना ते माहीतच होतं.

परत आल्यावर अधीक्षक सरांशी बोलणं झालं. आम्हाला दिलेलं प्रशिक्षण मुख्यतः घटनास्थळी जाणाऱ्या पथकाचं होतं. पण आमचं पथक निघेपर्यंत निम्मे जखमी आमच्याच गेटवर उतरलेले असणार. म्हणजे ट्रायएजची जागा आमच्यासाठी गेट हीच. मी सरांना तसं म्हटलं. ते खुर्चीवरून उठले आणि आम्ही दोघं चालत गेटपर्यंत गेलो.

मग पुढचे काही महिने त्यातच गेले. आत येणाऱ्या गाड्यांनी पुढच्या गेटमधून यायचं, जखमी उतरवून थांबायचं नाही, मागच्या शवागाराच्या बाजूने बाहेर पडायचं. ते मागचं गेट वर्षानुवर्षं उघडलेलंच नव्हतं, बाभळी तोडाव्या लागल्या. हिरव्यांना ओपीडीच्या व्हरांड्यात बसवायचं, पिवळ्यांना जनरल वॉर्डात, कॅज्युअल्टी फक्त लालसाठी. काळ्यांसाठी मागची बंद खोली उघडून पंखा लावला, उघड्यावर कोणाला ठेवायचं नाही असं ठरलं. छापील टॅग मागवले होते, पण ते येईपर्यंत शाळेतल्या मुली वेणीला बांधतात तसल्या रिबिनी आणल्या. लाल, पिवळ्या, हिरव्या, काळ्या. पावसात भिजल्या तरी रंग दिसतो आणि अंधारात बॅटरी मारली की चमकतात. टॅग आल्यावरही आम्ही रिबिनी काढल्या नाहीत.

आप्पा गेटवर कितीतरी वर्षं आहेत. त्यांना बोलावून सांगितलं की पहिलं काम तुमचं. गाडी आली की ओरडायचं. त्यांनी विचारलं काय ओरडू, मी मराठीत सांगितलं, त्यांनी ते आपल्या अहिराणीत घेतलं. "ज्यासले चालता येस त्या बठ्ठा आठे या!" आवाज असा की व्हरांड्यातले ओपीडीचे पेशंटही उठून निघाले. बेशुद्ध वाटणाऱ्याच्या कानाशी "मना हात दाब" असं म्हणून बघायचं, हेही त्यांनीच नव्या सिस्टरांना शिकवलं. पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या पेशंटसाठी आशाताईंपैकी दोघींचे नंबर गेटवर लिहून ठेवले.

नातेवाइकांची बाजू सोपी नव्हती. एका जखमीमागे दहा माणसं येतात आणि त्यांना एकच हवं असतं, आपला माणूस कुठे आहे. म्हणून क्लार्क भाऊंना एक टेबल, एक रजिस्टर आणि एक फळा दिला. नाव, गाव, कुठे ठेवलंय किंवा कुठे पाठवलंय, दर थोड्या वेळाने फळ्यावर. ओळख पटत नसेल त्यांचे कपडे, अंगावरची खूण, हातावरचं गोंदण, सगळं लिहायचं. आमच्या भागात बायकांच्या गोंदणावरून माहेर-सासरचं माणूस लगेच ओळखतं.

कापूस वेचणीचे दिवस होते तेव्हा हे खऱ्या अर्थाने कामाला आलं. पहाटे मजुरांची पिकअप उलटली. बायका, पोरं, म्हातारी माणसं, मागे एका ट्रॉलीत भरून आणलेली. रात्रपाळी संपायला आलेली, मी नुकतीच पोचले होते. आप्पांनी हाक दिली, चालणारे बाजूला झाले, आणि रिबिनी बांधायला मी आणि एक सिस्टर ट्रॉलीवर चढलो. फासळ्या मोडून धाप लागलेली एक बाई सर्वांत खाली होती. तिच्यावर दुसरे बसले होते. पूर्वी ती सर्वांत शेवटी उतरली असती. या वेळी लाल रिबीन बांधून तीच आधी कॅज्युअल्टीत गेली, छातीत नळी टाकली गेली आणि १०८ ने धुळ्याच्या हिरे शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोचली. ती वाचली. दोन लालना आम्ही मुद्दाम दुसरीकडे पाठवलं. सगळेच एका ठिकाणी धाडले तर तिथल्या कॅज्युअल्टीचं तेच होतं जे आमचं व्हायचं.

त्याच सकाळी व्हरांड्यात हिरवी रिबीन बांधलेला एक तरुण बसलेला होता. चालत आला होता, चहाही मागत होता. व्हरांड्यातल्या सिस्टर ठरल्याप्रमाणे फेरी मारत होत्या. दुसऱ्या फेरीत त्यांना त्याच्या कपाळावर घाम दिसला, नाडी जलद लागली, डाव्या बरगडीखाली हात लावला तर पोट कडक. प्लीहा फाटली होती. त्याची रिबीन बदलून लाल केली आणि पुढच्या गाडीने त्याला पाठवलं. ट्रायएज एकदा करून संपत नाही, पुन्हा पुन्हा करावं लागतं, हे मी ऐकलेलं होतं. त्या सिस्टरांनी ते करून दाखवलं, म्हणून तो मुलगा आज पुन्हा शेतावर जातो आहे.

आता अडचण बदल्यांची आहे. धुळ्याला शिकून आलेल्यांपैकी अर्ध्यांच्या बदल्या झाल्या. नवे आले त्यांना रिबिनींचा डबा कुठे आहे हेही ठाऊक नसतं. आम्ही दर काही आठवड्यांनी गेटवर सराव घेतो, तोही मुद्दाम रात्री, कारण रात्री माणसं कमी असतात आणि हायवेवरचे अपघात रात्रीच जास्त अंगावर येतात. नवीन डॉक्टर किंवा सिस्टर रुजू झाली की एक सराव केल्याशिवाय तिला एकटीने रात्रपाळी द्यायची नाही, हा नियम अधीक्षक सरांनी आमच्यापुरता केला. तो सगळ्या ग्रामीण रुग्णालयांना लागू करावा, असं आम्ही वर लिहून पाठवलं आहे. उत्तराची वाट बघतो आहोत. धडगावच्या सिस्टरांचा फोन येत असतो. त्यांनी काठावरच्या पाड्यांतल्या मुलांना झोळी बांधायला आणि रक्त थांबवायला शिकवायला घेतलं आहे. त्यांना दाबपट्ट्या हव्या होत्या, आमच्याकडच्या जादाच्या रीतसर नोंद करून या महिन्यात पाठवल्या. पुढचा माल आला की आणखी पाठवू.